हरतानाचा चेहरा

लिफ्टकाकांचा चेहरा जगानं बघावा असा योग बत्तीस वर्षांत कधी आला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस एक तर लिफ्टच्या वर असतो, मोटर रूममध्ये, नाहीतर खाली खड्ड्यात. मधल्या पेटीत उभं राहून आरशात भांग सारखा करणाऱ्यांना वर-खाली कुणी आहे याचा पत्ताही नसतो. काकांना ते बरं वाटायचं. आपल्या नोकरीत तोंडाचं काही काम नाही, असं ते कौतुकानं सांगायचे.

आणि गेल्या वर्षी तेच तोंड चार सेकंदांत प्रसिद्ध झालं.

झालं असं, की त्यांच्या लिफ्ट कंपनीत दर वर्षी मेळावा भरतो आणि त्यात उत्कृष्ट तंत्रज्ञ निवडतात. चार नावं आधी जाहीर होतात, मेळाव्यात पाकीट फोडतात. काकांचं नाव तेव्हा चौथ्यांदा यादीत होतं. त्या वर्षी कुणा साहेबांच्या डोक्यात आलं, की टीव्हीवरच्या बक्षीस समारंभात दाखवतात तसे चौघांचे चेहरे मोठ्या पडद्यावर चार चौकटींत दाखवायचे. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी पाकीट उघडलं, गळा साफ केला आणि म्हणाल्या, "विभाग क्रमांक स..."

काकांचा विभाग सहा. 'स' कानावर पडला आणि काका खुर्चीतून उठू लागले. एक हात कोटाच्या बटणाकडे गेला.

"...सात," बाई म्हणाल्या.

बाईंचा दोष नव्हता. त्यांना सर्दी झाली होती. पण पुढं पडद्यावर जे दिसलं ते तीनशे माणसांनी बघितलं. आधी आनंद, मग शंका, मग सहा आणि सात यांच्यातला फरक मोजणं, मग संताप, आणि शेवटी अर्धवट उठलेल्या अवस्थेतच काकांनी छताकडे बघून एक शब्द उच्चारला. माईक लांब होता. पण तो शब्द कळायला माईकची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चेहऱ्याचं स्टिकर तयार झालं होतं. कंपनीच्या ग्रुपवर कुणी रजा नाकारल्याचं लिहिलं, की खाली काकांचा चेहरा. कॅन्टीनमधला चहा संपला, काकांचा चेहरा. तिथून तो चेहरा कंपनीबाहेर पडला आणि मग त्याला धरबंध राहिला नाही. घरच्या ग्रुपवर जावयानं 'गॅस संपला' असं लिहून त्याखाली सासऱ्यांचं तोंड चिकटवलं. चूक लक्षात आल्यावर त्यानं ते पुसलं, माफी मागितली आणि माफीच्या खाली घाईत पुन्हा तेच चिकटवलं.

एका इमारतीत काका लिफ्टचं दार बसवत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी वाट बघता बघता फोन त्यांच्यापुढं धरला. "हे बघितलंत का? मला तर दिवसातून दहा वेळा हसू येतं."

काकांनी बघितलं. "कोण आहे हा?"

"कोण जाणे. कुणीतरी नट असावा. एवढं एका चेहऱ्यात आणायचं म्हणजे खायचं काम नाही."

त्या दिवशी घरी येऊन काकांनी ही गोष्ट काकूंना सांगितली, आणि सांगताना त्यांचा आवाज जरासा फुगलेला होता. काकू म्हणाल्या, "नट म्हणाली यातच समाधान मानून घ्या."

तर यंदा पुन्हा यादी लागली, आणि यादीत पुन्हा काका. आठ वर्षांत पाचव्यांदा. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं, त्यामुळं ही बहुधा शेवटची खेप. वर आणखी एक गोष्ट अशी, की यंदा यादीतली दोन नावं एकाच विभागातली होती. विभाग सहामधून काका, आणि विभाग सहामधूनच टायवाला.

टायवाला काकांच्या समोरच्या टेबलावर बसायचा. चार वर्षांपूर्वी आला तेव्हापासून रोज टाय. लिफ्टच्या यंत्राजवळ टाय म्हणजे गळ्यात फास घेऊन फिरणं, हे त्याला काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून काम करताना तो टायचं टोक शर्टच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मधून आत खोचायचा, पण टाय सोडायचा नाही. काका भिंतीला कान लावून दोर कुठं घासतोय ते सांगायचे. टायवाला लॅपटॉप जोडायचा आणि दोन मिनिटांत तेच सांगायचा. दोघांचं उत्तर एकच यायचं, याचाच काकांना जास्त राग होता.

"या वर्षी जाऊच नका," काकू म्हणाल्या. "पाठ दुखतेय म्हणून कळवा."

"न जाऊन कसं चालेल? मग लोक म्हणतील, घाबरला."

"मग गेलात आणि पुन्हा तसंच तोंड केलंत तर?"

काका उठून आरशात आपलं तोंड बघून आले. तेव्हा काकूंनी आपल्या धाकट्या बहिणीला फोन केला.

ही मेहुणी विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसायची. एकोणीस वर्षं. ज्यांचं सामान भलत्याच देशात गेलंय अशी माणसं दिवसाला साठ-सत्तर, सगळी तिच्यावर ओरडायला आलेली, आणि त्यांच्यापुढं आठ तास तिचा चेहरा जसाच्या तसा. घरच्या मंडळींत तिच्या चेहऱ्याचा दबदबा होता. रविवारी दुपारी ती हातआरसा घेऊन आली, काकांना खिडकीजवळच्या उजेडात बसवलं आणि म्हणाली, "भाऊजी, हसा."

काका हसले.

"हे हसणं नाही. हे दाताच्या डॉक्टरला दाखवणं झालं. वरचेच दात दिसू द्या. आणि डोळे?"

"डोळ्यांचं काय?"

"डोळ्यांना कुणी सांगितलं नाहीये वाटतं हसायचं चाललंय म्हणून."

काकांनी डोळे बारीक केले. लेक आणि जावई सोफ्यावर बसून बघत होते. जावयानं खाली मान घातली आणि गालिच्याचं निरीक्षण सुरू केलं.

"मुख्य गोष्ट काय, तर चेहऱ्यावर ग्रेस पाहिजे," मेहुणी म्हणाली.

"ग्रेस मला आयुष्यात एकदाच मिळालं," काका म्हणाले. "दहावीला. भूगोलात चार मार्क."

"ते ग्रेस वेगळं, भाऊजी."

"आमच्या कामातही असतं. तपासणीच्या दाखल्याची तारीख उलटली, की पंधरा दिवस ग्रेस. त्या पंधरा दिवसांत लिफ्ट चालू ठेवली तर कुणी विचारत नाही आणि बंद ठेवली तरी कुणी विचारत नाही."

"ते नाचाच्या कार्यक्रमातले परीक्षक सारखे म्हणतात बघा," काकू मधेच बोलल्या. "सगळं छान होतं, पण ग्रेस कमी पडली."

"किती मार्कांनी?" काकांनी विचारलं.

मेहुणीनं आरसा खाली ठेवला. ओरडणारी माणसं तिला सवयीची होती, असे प्रश्न विचारणारी नव्हती. "हे बघा, माझ्या खिडकीवर बाई येते. तिची बॅग हरवलेली, बॅगेत बहिणीच्या लग्नात घालायचे कपडे. ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मी खोटं हसले तर ती काच फोडेल. मग मी काय करते, मनात तिची बॅग सापडलेली बघते. ती बॅग उघडतेय, कपडे जागच्या जागी आहेत. हे बघितलं की चेहरा आपोआप बरोबर येतो. तुम्हीही तसंच करायचं. जो जिंकेल त्याचं भलं मनात बघायचं."

"कोण जिंकेल त्याचं?"

"जो कोणी."

"टायवाला जिंकला तर?"

"तर टायवाल्याचं."

काकांनी डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. बऱ्याच वेळानं काका डोळे न उघडताच म्हणाले, "दिसत नाहीये."

तीन रविवार ही शिकवणी चालली. टाळी कशी वाजवायची याचाच एक पूर्ण रविवार गेला. टाळी सगळ्यांच्या जरा आधी सुरू करायची आणि जरा नंतर थांबवायची. मान दोनदा हलवायची, पण 'मला ठाऊकच होतं' अशी नाही, 'व्वा' अशी. जिंकणाऱ्याकडे वळून 'अभिनंदन' म्हणायचं, आणि ते ओठांवरून वाचता आलं पाहिजे, कारण कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. "तुमचे ओठ वाचण्याची लोकांना सवय आहेच," मेहुणी म्हणाली.

मधल्या दिवसांत घरच्यांनी सराव करून घेतला. जेवताना शेवटचा केकचा तुकडा उरला, की लेक चमचा हातात धरून घोषणा करायची, "आणि हा तुकडा जातोय..." मग बराच वेळ थांबून जावयाचं नाव घ्यायची. काका वरचे दात दाखवून टाळ्या वाजवायचे. जावयाला तो तुकडा घशाखाली उतरेनासा झाला. तीन दिवसांनी तो म्हणाला, बाबांनीच खावा, मला गोड कमी करायला सांगितलंय.

कामावर असताना आरशाची सोय फुकट होती. दुरुस्ती झाली, की चाचणीसाठी दोन-तीन फेऱ्या माराव्याच लागतात. काका त्या फेऱ्यांत लिफ्टच्या आरशासमोर उभे राहून हरायचे. तळमजल्यापासून नवव्या मजल्यापर्यंत एक हार पुरी बसायची. एकदा चौथ्या मजल्यावर दार उघडलं. बाहेर पिशव्या घेऊन एक गृहस्थ उभे. आत एक इसम एकटाच टाळ्या वाजवत, मान डोलावत, आरशाला 'अभिनंदन' म्हणत होता. गृहस्थांनी एकदा काकांकडे, एकदा पिशव्यांकडे बघितलं आणि ते जिन्यानं गेले.

हळूहळू चेहरा जमायला लागला. डोळेही ऐकायला लागले. शेवटच्या रविवारी मेहुणीनं सगळी तालीम एकदम घेतली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि शेवटी म्हणाली, "भाऊजी, आता तुम्ही माझ्या खिडकीवर बसलात तरी चालेल." काकू नवऱ्याकडे बघत होत्या. तीस वर्षांत हा माणूस तोंडावर जे असेल ते मनात आणि मनात असेल ते तोंडावर, असाच होता. हा नवा छान चेहरा त्यांना परका वाटला, पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. मेळाव्यापर्यंत निभावून गेलं म्हणजे झालं.

मेळावा एका मोठ्या सभागृहात होता. चारही उमेदवारांना पहिल्या रांगेत बसवलं होतं, समोर कॅमेरा रोखलेला. विभाग दोनच्या एक बाई, विभाग अकराचे एक मिशीवाले, आणि शेजारी-शेजारी काका आणि टायवाला. काकू आणि इतर घरची मंडळी पाचव्या रांगेत. टायवाल्यानं नवा टाय घातला होता, निळा, आणि आज यंत्र जवळ नव्हतं तरी त्याचं टोक सवयीनं शर्टात खोचलं होतं.

"टाय बाहेर काढ," काका हळूच म्हणाले.

"काय?"

"टाय. आत गेलाय."

टायवाल्यानं तो काढला. "काका, तुम्हीच आहात यंदा," तो म्हणाला. "सगळे तेच म्हणतायत."

"बघू या," काका म्हणाले. हे वाक्यसुद्धा मेहुणीनं बसवून घेतलेलं होतं.

भाषणं झाली. सुरक्षिततेवर एक चित्रफीत झाली. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर चार चौकटी आल्या. मागं खसखस पिकली आणि एकदम शंभरेक फोन वर गेले. सगळे काकांच्या चौकटीकडे रोखलेले. ते काकांना पडद्यातच दिसत होतं. चेहरा जागेवर होता.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाई त्याच होत्या. यंदा सर्दी नव्हती. त्यांनी पाकीट उघडलं, चिठ्ठी वाचली आणि गेल्या वर्षीचा अनुभव गाठीशी असल्यामुळं एकेक अक्षर वेगळं करून म्हणाल्या, "विभाग क्रमांक सहा."

सभागृहात 'ओ' असा आवाज उठला. काका हलले नाहीत. सहा म्हणजे दोघं. कोटाच्या बटणाकडे हात गेला नाही. पायांनी सुद्धा शब्द पाळला.

मग बाईंनी नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. टायवाल्याचं.

तीन रविवारांची तालीम वाया गेली नाही. वरचे दात दिसले. डोळे हसले. इतरांच्या आधी टाळी सुरू झाली. मान दोनदा हलली, 'व्वा' अशी. आणि काका टायवाल्याकडे वळून, कॅमेऱ्याला वाचता येईल असं म्हणाले, "अभिनंदन."

टायवाला आधीच त्यांच्याकडे वळलेला होता. वरचे दात दाखवत, डोळ्यांनी हसत, टाळ्या वाजवत. "अभिनंदन, काका," तो म्हणाला.

दोघंही टाळ्या वाजवत एकमेकांकडे बघत राहिले.

"तुझं अभिनंदन," काका म्हणाले.

"नाही नाही, तुमचं," टायवाला म्हणाला आणि त्यानं मान दोनदा हलवली.

पलीकडे विभाग दोनच्या बाई मिशीवाल्यांकडे वळून सुरेख हसत टाळ्या वाजवत होत्या आणि मिशीवाले वाकून त्यांचं अभिनंदन करत होते; जिंकलं कोण, हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं. पडद्यावर चार चौकटींत चार माणसं हरली होती, आणि इतक्या शोभेनं हरली होती की बघत राहावं. उठत मात्र कुणीच नव्हतं. आधी मागच्या रांगा हसल्या, मग सगळं सभागृह. बाईंनी चिठ्ठी उलटीपालटी करून बघितली आणि पुन्हा नाव घेतलं. चौघांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

तेव्हा काकांच्या लक्षात आलं. टायवाल्यानं 'सहा' ऐकलं आणि तिथंच त्याचे कान बंद झाले. पुढचं नाव त्यानं ऐकलेलंच नव्हतं. काकांचा नवा चेहरा गळून पडला आणि जुना वर आला.

"अरे गाढवा," ते म्हणाले, "तुझं नाव घेतलंय. ऊठ."

"माझं?"

"तुझं. बापाच्या नावासकट."

टायवाल्याच्या टाळ्या थांबल्या. चेहऱ्यावरचं ते शिकवलेलं हसू तसंच राहिलं आणि त्याच्या वर डोळे भरून आले. दोन्हींचा मेळ बसेना. "पण मी तर तयारी केली होती," तो म्हणाला.

"कसली?"

"हरायची. महिनाभर करतोय. लिफ्टमध्ये, आरशासमोर. तुमचं ते गेल्या वर्षीचं झाल्यापासून सगळेच करतात, काका. त्या दोनच्या बाईंनी तर शिकवणी लावली होती."

"ते नंतर सांग. आधी चल."

"पाय उचलत नाहीयेत."

आणि खरोखरच उचलत नव्हते. काकांनी बत्तीस वर्षांत लिफ्टमध्ये अडकलेली कितीतरी माणसं बाहेर काढली होती. दार उघडलं तरी माणूस लगेच बाहेर येत नाही, सुटल्यावरच त्याला जास्त कापरं भरतं, हे त्यांना माहीत होतं. अशा माणसाचं मनगट धरून ओढायचं नसतं. कोपराच्या वर धरायचं आणि त्याच्याशी कशाबद्दल तरी बोलत राहायचं. काकांनी तसं धरलं. "ती सोळा नंबरची लिफ्ट," ते चालता चालता म्हणाले, "तिच्या ब्रेकचं काय केलंस?"

"पट्टी बदलली," टायवाला म्हणाला. एक पायरी चढला.

"कुठली बसवलीस?"

"जाड. बारीक घासली जाते लवकर." दुसरी पायरी.

"बरोबर केलंस," काका म्हणाले, आणि दोघं व्यासपीठावर पोहोचले.

तिथं थोरले साहेब मानचिन्ह घेऊन उभे होते. साहेबांना माणसं ओळखायची सवय नव्हती. दोघं आले, त्यातल्या ज्येष्ठ दिसणाऱ्याच्या हातात त्यांनी मानचिन्ह दिलं, त्याचा हात हलवला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. फ्लॅश उडाला.

काकांच्या हातात ते मानचिन्ह चार सेकंद होतं. आठ वर्षं ज्याच्या मागं लागलो ते हे. वरून सोनेरी, लिफ्टच्या आकाराचं, दोन छोटी दारं आणि त्यावर दोन बाण, एक वर एक खाली. अपेक्षेपेक्षा पुष्कळ हलकं. दारं उघडतात का, हे बघायची त्यांना फार इच्छा झाली. मग त्यांनी ते टायवाल्याच्या हातात दिलं, साहेबांना "हा आहे, साहेब," असं सांगितलं आणि बाजूच्या जिन्यानं खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट पाठीमागं चालू होता. आता त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं.

जिन्याच्या खाली पडद्याआड एक अरुंद जागा होती. जुन्या खुर्च्या, एक मोडका पंखा, वायरींची भेंडोळी. काका तिथं जाऊन उभे राहिले आणि चेहऱ्याला जे करायचं होतं ते त्यांनी त्याला करू दिलं.

पाचव्या रांगेतून काकू आल्या होत्या. त्यांनी पडदा जरासा बाजूला केला, आत बघितलं आणि पडदा पुन्हा ओढून घेतला. आपण त्याच्या पुढं पाठ करून उभ्या राहिल्या, म्हणजे कुणी आत येऊ नये.

थोड्या वेळानं त्यांनी मान न वळवता विचारलं, "झालं?"

"अजून थोडं आहे," आतून आवाज आला.

"सावकाश होऊ द्या. जेवणाला रांग आहे अजून."

पलीकडं टायवाल्याला चार शब्द बोलायला सांगितलं होतं आणि तो माईकसमोर उभा राहून नुसताच श्वास घेत होता. सभागृहभर तो श्वास ऐकू येत होता.

"वाईट वाटलं का हो?" काकूंनी विचारलं.

"हो."

"फार?"

"फार." मग काका म्हणाले, "त्या मानचिन्हाची दारं उघडत असतील का गं?"

काकूंनी मागं वळून बघितलं. तोच आपला जुना चेहरा होता, नाकाचा शेंडा लाल, तोंड एका बाजूला ओढलेलं. छान असा मुळीच नाही. त्यांनी पर्समधून रुमाल काढून दिला. "नाक पुसा आणि चला," त्या म्हणाल्या. "माझी बहीण तिकडं सगळ्यांना सांगत सुटलीय, की हे मी शिकवलं म्हणून."

जेवणाच्या रांगेत मेहुणी होतीच. तिच्याभोवती विभाग दोन, नऊ आणि अकरामधल्या सहा-सात बायका उभ्या होत्या आणि एकजण तिचा फोन नंबर उतरवून घेत होती. मिशीवाले काकांना भेटून म्हणाले, "काय सुंदर हरलात." काका म्हणाले, "तुम्हीही काही कमी नाही." जावयानं आइस्क्रीमची वाटी आणून सासऱ्यांच्या हातात दिली आणि त्याबद्दल कसलीही घोषणा केली नाही.

सोमवारी सकाळी तक्रार आली, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे थांबतेय. काम मोठं होतं, म्हणून दोघांना पाठवलं. काका गाडी चालवत होते. टायवाला शेजारी, मांडीवर लॅपटॉपची पिशवी, टाय खोचलेला.

"मी भाषणच केलं नाही, काका," टायवाला म्हणाला. "तीनशे माणसांसमोर नुसता उभा राहिलो. आईनं विचारलं, तू तिथं काय धापा टाकत होतास?"

"लिहून न्यायचं."

"नेलं होतं. पण ते दुसरंच होतं." त्यानं खिशातून एक चौकोनी घडी घातलेला कागद काढला आणि लगेच परत ठेवायला लागला.

"काय आहे?"

"काही नाही. तुम्ही जिंकाल म्हणून लिहिलं होतं. हरणाऱ्यानं दोन शब्द बोलायची पद्धत नसते, पण म्हटलं माईक मिळाला तर बोलू. एका विभागातले म्हणून."

पुढं सिग्नल लाल झाला. काकांनी गाडी थांबवली. "वाच."

"आता?"

"आता काय करतोयस? बसलाच आहेस."

टायवाल्यानं कागद उलगडला. कागदावर लाल शाईनं दोन रकाने आखलेले होते, त्याची सवयच होती ती. खाकरून तो वाचायला लागला. काकांनी त्याला भिंतीला कान लावायला कसं शिकवलं, हे पहिलं वाक्य. पंधरा माणसं अडकली होती तेव्हा काका दाराच्या फटीतून त्यांना दीड तास विनोद सांगत होते आणि त्यातला एकही चांगला नव्हता, हे दुसरं. काका समोरच्या सिग्नलकडे एकटक बघत होते.

"आणि हे मानचिन्ह," टायवाल्यानं वाचलं, "काकांना पाच वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. काकांनी गिअर टाकला.

"पाच नाही," ते म्हणाले, "आठ."

टायवाल्यानं खिशातून पेन काढलं आणि मांडीवरच्या पिशवीवर कागद ठेवून तो आकडा दुरुस्त केला.